गिट सबमॉड्यूल आणि रेपोच्या आतला रेपो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका प्रोजेक्टच्या पोटात दुसरा प्रोजेक्ट ठेवायचा, दोघांची हिस्ट्री वेगळी ठेवायची, आणि तरी सगळं एकत्र बिल्ड झालं पाहिजे. गिटमध्ये (कोडच्या बदलांची हिस्ट्री ठेवणारं टूल) यासाठी सबमॉड्यूल असतं, म्हणजे एका रेपोच्या (हिस्ट्रीसकट ठेवलेल्या प्रोजेक्टच्या) आत दुसरा रेपो. ऐकायला सोपं वाटतं पण टीममध्ये निम्मे वाद यावरूनच होतात. खाली जे प्रश्न आहेत ते परत परत येणारे आहेत, क्रम असाच आहे की जे जास्त छळतं ते वर. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच नेहमीसारख्या टाइप करा.

क्लोन केलं पण फोल्डर रिकामाच आलाय. आतला कोड कुठे गेला?

कुठे गेला नाही, तो आलाच नव्हता. साधं "गिट क्लोन" (सर्व्हरवरच्या रेपोची आपल्या मशीनवर कॉपी) सबमॉड्यूलचा कोड आणतच नाही, नुसता रिकामा फोल्डर करून ठेवतं. आता क्लोन झालंच आहे तर रेपोच्या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये जाऊन हे चालवा:

गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह

पुढच्या वेळी क्लोन करतानाच "--रिकर्स-सबमॉड्यूल्स" लावा म्हणजे एकाच दमात काम होतं. शेवटचं "--रिकर्सिव्ह" बरेच जण विसरतात आणि मग सबमॉड्यूल येतं पण त्याच्या आतलं सबमॉड्यूल रिकामं राहतं, आणि बिल्ड अर्ध्यात कुठेतरी "हेडर फाइल सापडली नाही" म्हणून पडतो आणि माणूस कंपायलरला शिव्या देत बसतो.

पण मी तर झिप डाउनलोड केली होती, त्यात पण रिकामं?

हो. गिटहबच्या "डाउनलोड झिप" मध्ये सबमॉड्यूलचा कोड नसतो, आणि झिपमध्ये डॉट-गिट फोल्डर पण नसतो त्यामुळे नंतर अपडेट कमांडही चालत नाही. ईएसपी३२ या चिपवर प्रोजेक्ट करणारी इंजिनिअरिंगची मुलं इथे हमखास अडकतात, कारण एस्प्रेसिफच्या ईएसपी-आयडीएफमध्ये (त्या चिपसाठी कोड लिहायचा फ्रेमवर्क) एमबेडटीएलएस, एलडब्ल्यूआयपी, निम्बल असे बरेच भाग सबमॉड्यूल म्हणून आहेत. त्यांच्या डॉक्युमेंटमध्येच स्पष्ट लिहिलंय की ही झिप चालणार नाही, क्लोन करा. नेट स्लो असेल तर त्यांच्या रिलीज पेजवर सबमॉड्यूलसकट बनवलेली वेगळी मोठी झिप असते, ती घ्या.

सबमॉड्यूल म्हणजे नक्की असतं काय?

हे एकदा डोक्यात बसलं की खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून थोडं सावकाश वाचा.

बाहेरच्या रेपोत आतल्या प्रोजेक्टचा कोड नसतो. तिथे फक्त एक चिठ्ठी असते, "अमुक कमिट उचल" एवढंच लिहिलेली (कमिट म्हणजे हिस्ट्रीत जपलेला कोडचा एक टप्पा). "गिट एलएस-ट्री हेड" चालवून बघा, साध्या फाइलपुढे १००६४४ दिसेल, फोल्डरपुढे ०४००००, आणि सबमॉड्यूलपुढे १६००००, त्याच्यापुढे "कमिट" हा शब्द आणि मग ४० अक्षरी हॅश, म्हणजे त्या कमिटचा ओळख क्रमांक. बस, गिटच्या दृष्टीने सबमॉड्यूल म्हणजे ही एक ओळ. तो कमिट कुठल्या सर्व्हरवरून आणायचा ते डॉट-गिटमॉड्यूल्स नावाच्या फाइलमध्ये असतं, पाथ आणि यूआरएल.

लक्षात घ्या, चिठ्ठीवर ब्रांचचं (कमिटच्या एका पुढे जाणाऱ्या वाटेचं) नाव नाही. आतल्या प्रोजेक्टमध्ये उद्या शंभर नवीन कमिट पडले तरी बाहेरचा रेपो जागचा हलत नाही, जोवर कोणीतरी मुद्दाम नवीन हॅश कमिट करत नाही. लोक याला कटकट म्हणतात पण सबमॉड्यूल वापरायचं कारणच हे आहे. दोन वर्षांपूर्वीचा रिलीज आज परत बिल्ड करायचा असेल तर आतला कोडही तेव्हाचाच मिळतो, अक्षर न अक्षर.

गिट आलं २००५ मध्ये, सबमॉड्यूल कमांड २००७ च्या १.५.३ मध्ये. आणि हो, सबमॉड्यूलच्या आत बघाल तर डॉट-गिट हा फोल्डर नसून एका ओळीची फाइल असते, खरी हिस्ट्री बाहेरच्या रेपोच्या "डॉट-गिट/मॉड्यूल्स" मध्ये असते. हे पुढे डिलीट करताना कामाला येईल.

सबमॉड्यूलच्या आत जाऊन कमिट केला होता, आज बघतो तर माझा कोड गायब!

घाबरू नका, कमिट केला असेल तर बहुतेक सापडेल. झालं असं की "सबमॉड्यूल अपडेट" आतमध्ये थेट त्या हॅशवर जाऊन बसतं, कुठल्याच ब्रांचवर नाही, यालाच डिटॅच्ड हेड म्हणतात (हेड म्हणजे आपण सध्या कुठल्या कमिटवर आहोत ती खूण). तुम्ही तिथेच कमिट केलात, तो कमिट कुठल्याच ब्रांचला बांधलेला नव्हता, नंतर कोणीतरी सांगितलं म्हणून परत अपडेट मारलं आणि हेड मूळ हॅशवर परत गेलं. कमिट अजून तिथेच आहे फक्त त्याला नाव नाही.

सबमॉड्यूलच्या फोल्डरमध्ये जाऊन "गिट रिफ्लॉग" करा, यादीत तुमचा कमिट मेसेज दिसेल, त्याचा हॅश घेऊन "गिट ब्रांच वाचवलेला <हॅश>" करा. डिफॉल्ट सेटिंगमध्ये अशा लोंबकळणाऱ्या कमिटच्या नोंदी ३० दिवस राहतात, त्यामुळे "पुढच्या महिन्यात बघू" करू नका.

सवय एवढीच लावायची की आत काही बदलायचं असेल तर आधी "गिट स्विच मेन" किंवा स्वतःची ब्रांच, मग एडिटर उघडायचा. ज्यांना आत रोजच काम असतं त्यांनी त्या सबमॉड्यूलचं "अपडेट" सेटिंग "रिबेस" किंवा "मर्ज" करून ठेवावं, मग अपडेट तुमच्या ब्रांचला सोडून उडी मारत नाही. कमिट न केलेले बदल असतील तर साधं अपडेट ते चिरडत नाही, टक्कर असेल तर अडतं आणि तक्रार करतं. "--फोर्स" लावलं तर मात्र चिरडतं, मग कोणी वाचवू शकत नाही.

आधी आतला पुश करायचा की बाहेरचा?

आतला. नेहमी आतला आधी. (पुश म्हणजे आपले कमिट सर्व्हरवर पाठवणं.)

उलटं केलं तर काय होतं ते बघा. तुम्ही आत कमिट केला, बाहेर येऊन नवीन हॅश कमिट केला आणि फक्त बाहेरचा पुश केला. तुमच्या मशीनवर सगळं मस्त चालतंय कारण तो कमिट तुमच्याकडे आहे. बाकी सगळ्या टीमला मात्र सकाळी "अपलोड-पॅक: नॉट अवर रेफ" किंवा "त्या कमिटचं थेट फेचिंग फेल झालं" अशा अर्थाचा मेसेज येतो, कारण त्यांच्या चिठ्ठीवर जो हॅश आहे तो सर्व्हरवर कुठेच नाही. आणि हा पुश शुक्रवारी संध्याकाळी झालेला असतो आणि करणारा माणूस गावाला गेलेला असतो, हा जणू नियमच आहे.

यावर एकदाच करायचा उपाय:

गिट कॉन्फिग --ग्लोबल पुश.रिकर्ससबमॉड्यूल्स चेक

आता आतला कमिट कुठल्याच रिमोटवर नसेल तर बाहेरचा पुश गिट स्वतःच नाकारतं. "चेक" ऐवजी "ऑन-डिमांड" लिहिलं तर गिट आतला पुशही स्वतःच करून टाकतं, ते सोयीचं वाटतं पण मला ते पटत नाही, शेअर्ड लायब्ररीत काय जातंय ते माणसाने बघून पाठवावं.

याचाच एक चुलतभाऊ आहे जो जास्त छुपा आहे. आतल्या रेपोची पुल रिक्वेस्ट (आपली ब्रांच मेनमध्ये घ्या अशी विनंती) अजून मर्ज व्हायचीये, तुम्ही बाहेर तिच्या ब्रांचवरचा हॅश टाकून मोकळे झालात, मग आतली रिक्वेस्ट स्क्वॉश करून (सगळे कमिट एकात दाबून) मर्ज झाली आणि ब्रांच डिलीट. स्क्वॉशमध्ये नवीनच हॅश तयार होतो, जुना हॅश आता कुठल्याच ब्रांचवर नाही. काही काळ चालतंही, मग कधीतरी सर्व्हरवर साफसफाई झाली की क्लोन फुटतं आणि कारण कोणालाच कळत नाही. म्हणून आतली रिक्वेस्ट आधी मर्ज होऊ द्या, मेनवर जो हॅश पडला तोच बाहेर टाका, आणि रिव्ह्यू करताना हे तपासायची जबाबदारी कोणाची ते टीममध्ये ठरवून ठेवा.

गिट पुल केलं तरी सबमॉड्यूल जुनंच आहे, आणि स्टेटस म्हणतंय मी काहीतरी बदललंय. मी तर हातही लावला नाही!

बरोबर, नाही लावला. पुलने चिठ्ठी नवीन आणली पण आतला कोड हलवला नाही, त्यामुळे गिटला दिसतं की चिठ्ठीवर एक हॅश आणि फोल्डरमध्ये दुसराच, म्हणून ते "मॉडिफाइड: न्यू कमिट्स" म्हणतं. "न्यू" वाचून वाटतं आपल्याकडे नवीन आहे, प्रत्यक्षात आपल्याकडे जुनं आहे. हा मेसेज असा का ठेवलाय देव जाणे.

आणि इथूनच सबमॉड्यूलचा सगळ्यात घाणेरडा बग जन्माला येतो. माणूस स्वतःचं काम करतो, शेवटी सवयीने "गिट अॅड ." किंवा "गिट कमिट -एएम" मारतो, आणि त्यात ही जुनी चिठ्ठीही कमिट होते. म्हणजे दुसऱ्याने काल लायब्ररी पुढे नेली होती ती आज तुम्ही नकळत मागे आणलीत. रिव्ह्यूमध्ये फक्त दोन ओळी दिसतात, एक मायनसची एक प्लसची, दोन्हीवर "सबप्रोजेक्ट कमिट" आणि लांबलचक हॅश, त्यातला जुना कुठला नवा कुठला हे डोळ्यांनी कोणाला कळणार? सगळे अप्रूव्ह करतात. मग दोन दिवसांनी "तो बग आपण फिक्स केला होता ना?" सुरू.

हे टाळायला दोन सेटिंग आहेत. पहिलं "सबमॉड्यूल.रिकर्स ट्रू", म्हणजे पुल, चेकआउट, स्विच वगैरे करताना आतलं पण आपोआप हलतं (क्लोनला मात्र हे लागू नाही, तिथे फ्लॅग द्यावाच लागतो). दुसरं "डिफ.सबमॉड्यूल लॉग", यामुळे डिफमध्ये हॅशच्या ऐवजी आतल्या कमिट मेसेजची यादीच दिसते, पुढे जाणारे कमिट ">" ने आणि मागे जाणारे "<" ने, आणि नुसतंच मागे जात असेल तर शेजारी चक्क "रिवाइंड" लिहून येतं. हे दुसरं सेटिंग डिफॉल्ट का नाही हे मला अजून कळलेलं नाही.

"गिट सबमॉड्यूल स्टेटस" मध्ये पुढे जे चिन्ह येतं ते काय?

मायनस असेल तर ते सबमॉड्यूल अजून इनिट झालेलं नाही. प्लस असेल तर आत जो कमिट आहे तो चिठ्ठीवरच्या कमिटपेक्षा वेगळा आहे. मोठा "यू" असेल तर मर्ज कॉन्फ्लिक्ट. काहीच नसेल तर सुखी आहात.

मी डॉट-गिटमॉड्यूल्समध्ये ब्रांच लिहिली, तरी ते मेनच्या मागे मागे का जात नाही?

कारण ती ओळ फक्त "गिट सबमॉड्यूल अपडेट --रिमोट" साठी असते. ही कमांड चालवली तर त्या ब्रांचचं टोक आणलं जातं, ब्रांच लिहिलेली नसेल तर रिमोटची डिफॉल्ट. पण त्यानंतरही बाहेर "अॅड" आणि "कमिट" तुम्हालाच करायचंय. आपोआप काही नाही. कायम लेटेस्टच पाहिजे असेल तर मुळात सबमॉड्यूल हे हत्यारच चुकीचं निवडलंय.

मी सबमॉड्यूल बनवलंच नव्हतं, तरी गिटहबवर फोल्डरवर बाण दिसतो आणि क्लिक केलं तर उघडत नाही

मिनी प्रोजेक्टच्या सबमिशनच्या आदल्या रात्रीचा हा ठरलेला प्रश्न. फ्रंटएंड एखाद्या टूलने बनवलं, त्या टूलने आत स्वतःच "गिट इनिट" केलं, नंतर तुम्ही बाहेरच्या फोल्डरला "गिट इनिट" करून सगळं अॅड केलंत. गिटला आत दुसरा रेपो दिसला, त्याने कोड न घेता फक्त हॅश घेतला. २०१७ च्या २.१४ पासून गिट यावर चांगली मोठी वॉर्निंग देतं, "अॅडिंग एम्बेडेड गिट रिपॉझिटरी", पण पिवळी वॉर्निंग कोण वाचतं.

आतल्या रेपोची वेगळी हिस्ट्री नको असेल (सबमिशनला बहुतेक नकोच असते) तर "गिट आरएम --कॅश्ड फ्रंटएंड", मग फ्रंटएंडमधला डॉट-गिट फोल्डर उडवा, मग "गिट अॅड फ्रंटएंड" आणि कमिट. पहिल्या कमांडमध्ये "--कॅश्ड" विसरू नका. आणि आतला डॉट-गिट उडवण्याआधी त्यातलं काही पुश करायचं राहिलं नाहीये ना ते बघा.

ह्यूगोवर (वेबसाइट बनवायचं टूल) ब्लॉग बनवणाऱ्यांचं पण हेच होतं, थीम "थीम्स" फोल्डरमध्ये नुसती क्लोन करतात, लोकलला साइट छान दिसते, होस्टिंगवर बिल्ड "डॉट-गिटमॉड्यूल्समध्ये मॅपिंग सापडलं नाही" म्हणून पडतो. तिथे "गिट क्लोन" च्या जागी "गिट सबमॉड्यूल अॅड" करायचं होतं, ह्यूगोच्या क्विक स्टार्टमध्ये तसंच दिलंय.

सर्व्हर बदलला, यूआरएल बदलली, डॉट-गिटमॉड्यूल्समध्ये दुरुस्ती केली, तरी जुन्याच ठिकाणी जातंय

कारण इनिटच्या वेळी यूआरएल तुमच्या लोकल कॉन्फिगमध्ये कॉपी होते आणि नंतर गिट तीच वापरतं. दुरुस्ती केल्यावर सगळ्यांनी एकदा "गिट सबमॉड्यूल सिंक --रिकर्सिव्ह" करायचं, मग अपडेट. ज्याने बदल केला त्याला "गिट सबमॉड्यूल सेट-यूआरएल" पण वापरता येतं. जुन्या प्रोजेक्टमध्ये "गिट://" ने सुरू होणाऱ्या लिंक असतील तर त्या गिटहबने २०२२ मध्ये बंद केल्यात, "एचटीटीपीएस" करून टाका.

माझ्याकडे चालतं, सीआयवर चालत नाही

दोन गोष्टी बघायच्या. एक, सीआयला (सर्व्हरवर आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या सिस्टिमला) सबमॉड्यूल आणायला सांगितलंय का? गिटहब अॅक्शन्सच्या चेकआउट स्टेपमध्ये "सबमॉड्यूल्स: रिकर्सिव्ह" लिहावं लागतं, गिटलॅबमध्ये "गिट_सबमॉड्यूल_स्ट्रॅटेजी" हा व्हेरिएबल "रिकर्सिव्ह" करावा लागतो. दोन्हीकडे डिफॉल्ट काहीच आणत नाही.

दुसरं, परवानगी. आतला रेपो प्रायव्हेट असेल तर अॅक्शन्सला मिळणारा टोकन फक्त त्या एकाच रेपोपुरता असतो, आतल्यासाठी वेगळा टोकन किंवा डिप्लॉय की द्यावी लागते. शिवाय डॉट-गिटमॉड्यूल्समध्ये कोणीतरी एसएसएचची यूआरएल लिहिलेली असते आणि सीआयकडे ती की नसते. दोन्ही रेपो एकाच ग्रुपमध्ये असतील तर रिलेटिव्ह यूआरएल लिहा, "../लायब्ररी.गिट" अशी, मग बाहेरचा ज्या रस्त्याने क्लोन झाला त्याच रस्त्याने आतला होतो. याचा एक तोटा आहे, कोणी बाहेरचा रेपो फोर्क करून क्लोन केला तर ती यूआरएल त्याच्याच अकाउंटमध्ये लायब्ररी शोधते आणि तिथे ती नसते. ओपन सोर्सला म्हणून पूर्ण यूआरएल, ऑफिसच्या कोडला रिलेटिव्ह, असं माझं मत.

सबमॉड्यूलच्या आत सबमॉड्यूलच्या आत सबमॉड्यूल. किती खोल जाणं ठीक?

गिटची तशी मर्यादा नाही, माणसाची आहे. समजा अॅपमध्ये फ्रेमवर्क आहे आणि फ्रेमवर्कमध्ये लॉगिंगची लायब्ररी. लॉगिंगमध्ये एक ओळ बदलायचीये. मग लॉगिंगमध्ये कमिट, पुश, रिव्ह्यू, मर्ज. मग फ्रेमवर्कमध्ये हॅश बदलायचा कमिट, पुश, रिव्ह्यू, मर्ज. मग अॅपमध्ये परत तेच. एका ओळीसाठी तीन पुल रिक्वेस्ट, त्यातल्या दोन नुसत्या हॅशच्या. आणि दरम्यान कोणीतरी फ्रेमवर्क पुढे नेलं तर मधलं परत करा.

त्याहून वाईट म्हणजे तीच लॉगिंग लायब्ररी अॅपमध्ये थेट पण आहे आणि फ्रेमवर्कमधून पण येते, दोन वेगळ्या कमिटवर. गिटला यात काहीच गैर वाटत नाही, त्याच्यासाठी ते दोन वेगळे क्लोन आहेत, कुठलं व्हर्जन जिंकेल हे ठरवणारं कोणी नाही. मग लिंकिंगला डुप्लिकेट सिम्बॉल येतात, किंवा येत नाहीत आणि रनटाइमला भलतंच फंक्शन कॉल होतं, जे जास्त भयानक. म्हणून माझा आग्रह असा की खोली एकच ठेवा, सगळ्या लायब्ररी सगळ्यात वरच्या रेपोत शेजारी शेजारी, आणि फ्रेमवर्कने आपली डिपेंडन्सी बाहेरून मिळेल असं गृहीत धरावं. सगळीकडे कोणती लायब्ररी कुठल्या कमिटवर आहे ते "गिट सबमॉड्यूल फॉरईच --रिकर्सिव्ह" ला एखादी लॉग कमांड देऊन एकदम बघता येतं.

सबमॉड्यूलवर मर्ज कॉन्फ्लिक्ट आला, फाइल उघडायला गेलो तर फाइलच नाही

नसणारच, कॉन्फ्लिक्ट हॅशचा आहे. एकाचा हॅश दुसऱ्याच्या पुढचा असेल तर गिट स्वतःच पुढचा घेतं. दोघांच्या वाटा फुटल्या असतील तर तुम्हाला आत जाऊन त्या दोन कमिटचं मर्ज करावं लागतं, ते पुश करून बाहेर येऊन "गिट अॅड <पाथ>" आणि मर्ज पूर्ण. घाईत "आमचाच ठेवा" करू नका, समोरच्याचे बदल गुपचूप जातात.

मग सबट्री वापरू का?

सबट्रीत चिठ्ठीची भानगडच नाही, आतल्या प्रोजेक्टचा कोड खरोखर बाहेरच्या रेपोत येतो. क्लोन करणाऱ्याला काही माहीत असायची गरज नाही, झिपमध्येही सगळं येतं. ही कमांड एव्हरी पेनारुन यांनी लिहिली आणि २०१२ मध्ये १.७.११ पासून गिटच्या काँट्रिब फोल्डरमध्ये आली. आणताना "गिट सबट्री अॅड --प्रिफिक्स=लिब <यूआरएल> मेन --स्क्वॉश", नंतर तसंच "पुल". त्रास उलट्या दिशेला आहे, तुमच्याकडे झालेले बदल मूळ प्रोजेक्टला परत पाठवायचे तर "सबट्री पुश" सगळी हिस्ट्री चाळत बसतं आणि रेपो मोठा असेल तर चहा पिऊन येता येतो.

कधी काय वापरायचं हे समजायला रस्ट भाषेचा रेपो बघण्यासारखा आहे, तिथे दोन्ही आहेत. एलएलव्हीएम (कंपायलर बनवायचा पाया) सबमॉड्यूल आहे, पण क्लिपी (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) आणि रस्टफॉर्मॅट (कोड नीट मांडणारं टूल) सबट्री आहेत. का? क्लिपी कंपायलरच्या आतल्या गोष्टींवर उभं आहे, कंपायलरमध्ये एखाद्या फंक्शनचं नाव बदललं की क्लिपी फुटतं, त्यामुळे दोन्ही बदल एकाच कमिटमध्ये करता आले पाहिजेत. सबमॉड्यूलमध्ये ते शक्यच नाही, मध्ये एक तुटलेली अवस्था येतेच. एलएलव्हीएम मात्र आपल्या गतीने चालतं, कधीतरी ठरवून पुढे न्यायचं, तिथे चिठ्ठी बरी.

म्हणून मी विचारतो तो प्रश्न एकच: हे दोन कोड एकत्र बदलतात का? रोज एकत्र बदलत असतील तर वेगळे रेपो करूच नका. एलएलव्हीएमचंच बघा, त्यांचे क्लँग, एलएलडी वगैरे भाग वेगवेगळे होते, गिटहबवर जाताना सबमॉड्यूल की एकच रेपो यावर त्यांच्यात भरपूर चर्चा झाली आणि २०१९ मध्ये ते एकाच मोठ्या रेपोत गेले.

आणि पॅकेज मॅनेजर?

लायब्ररीचे नीट व्हर्जन नंबर लावलेले रिलीज निघत असतील आणि तुम्ही तिच्यात हात घालत नसाल तर एनपीएम, पिप, कार्गो, जे काही असेल तेच वापरा. सी आणि सी++ मध्ये सगळ्यांना चालेल असा एकच पॅकेज मॅनेजर नाही म्हणून तिथे सबमॉड्यूल इतकी दिसतात. अँड्रॉइडसारखं शेकड्यांनी रेपो असलेलं प्रकरण असेल तर गूगलचं "रेपो" नावाचं टूल आहे, एका एक्सएमएल मॅनिफेस्टमध्ये सगळी यादी. झेफर या छोट्या डिव्हाइसच्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांचं "वेस्ट" पण त्याच जातीचं.

आम्ही अजून एसव्हीएनवर (सबव्हर्जन, गिटच्या आधीपासूनचं टूल) आहोत. तिथे?

"एसव्हीएन:एक्स्टर्नल्स" प्रॉपर्टी. एकच काळजी, रिव्हिजन नंबर लिहिला नाही तर ती नेहमी लेटेस्ट आणते, म्हणजे जुना टॅग चेकआउट केला तरी आत आजचा कोड. नंबर टाकाच. मर्क्युरियल या गिटसारख्याच टूलमध्ये सबरेपो आहेत, पण त्यांचेच डॉक्युमेंट त्याला शेवटचा उपाय म्हणतात, त्यावरून काय ते समजा.

अनोळखी रेपो रिकर्सिव्ह क्लोन करणं सेफ आहे का?

गिट अपडेटेड असेल तर साधारण हो. पण इतिहास फार चांगला नाही. २०१८ मध्ये सबमॉड्यूलच्या नावात "../" घालून क्लोन करणाऱ्याच्या मशीनवर कोड चालवता येत होता, २.१७.१ मध्ये दुरुस्त झालं. २०२४ मध्ये परत तसंच, या वेळी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) आणि अक्षरांच्या केसमध्ये फरक न करणाऱ्या फाइल सिस्टिमचा फायदा घेऊन, म्हणजे विंडोज आणि मॅकवाले, दुरुस्ती २.४५.१ मध्ये. ऑफिसच्या लॅपटॉपवर गिट कधीचं आहे ते एकदा बघून घ्या. आणि लोकल फोल्डरचा पाथ देऊन सबमॉड्यूल अॅड करताना "ट्रान्सपोर्ट फाइल नॉट अलाउड" येत असेल तर तो बग नाही, २.३८.१ पासून मुद्दाम बंद केलंय.

सबमॉड्यूल प्रचंड मोठं आहे, मोबाइल डेटावर आहे

"--डेप्थ १" लावा (म्हणजे मागची हिस्ट्री न आणता उथळ क्लोन), आणि बरीच सबमॉड्यूल असतील तर "--जॉब्स ८" सारखं काहीतरी, म्हणजे एकदम आणेल. चिठ्ठीवरचा कमिट कुठल्याच ब्रांचच्या टोकावर नसेल तर काही सर्व्हर उथळ क्लोनला नकार देतात, मग पूर्ण आणावं लागतं.

सबमॉड्यूल काढून टाकायचंय. फोल्डर डिलीट केला तर चालेल?

अर्धवट राहतं. "गिट सबमॉड्यूल डीइनिट -एफ <पाथ>", मग "गिट आरएम <पाथ>" (डॉट-गिटमॉड्यूल्समधली नोंद हेच काढतं), मग कमिट. "डॉट-गिट/मॉड्यूल्स" मध्ये जुनी हिस्ट्री तरी पडून राहते, ती मुद्दाम ठेवलेली असते म्हणजे जुन्या कमिटवर गेलात तर परत डाउनलोड नको. पण त्याच नावाने दुसरं सबमॉड्यूल अॅड करायला गेलात की तिथेच अडतं, तेव्हा हाताने उडवा.

काढायचं नाही, सबमॉड्यूलचा कोड हिस्ट्रीसकट बाहेरच्याच रेपोत आणायचाय

वरच्यासारखं काढा आणि कमिट करा, पाथ रिकामा पाहिजे. मग बाहेरच्या रेपोत राहूनच "गिट फेच <आतल्याची यूआरएल> मेन", आणि मग "गिट सबट्री अॅड --प्रिफिक्स=लिब <चिठ्ठीवरचा हॅश>", "--स्क्वॉश" न लावता. "गिट ब्लेम" जुन्या हिस्ट्रीपर्यंत पोचेल, पण "गिट लॉग लिब/" ला फक्त मर्जचा कमिट दिसेल कारण जुन्या कमिटमध्ये त्या फाइल "लिब" मध्ये नव्हत्याच. आणि ज्यांच्याकडे जुन्या ब्रांच आहेत त्यांना काही दिवस ब्रांच बदलताना "अनट्रॅक्ड फाइल ओव्हरराइट होतील" म्हणून गिट अडवणार, कारण एका बाजूला "लिब" सबमॉड्यूल आहे आणि दुसऱ्या बाजूला साधा फोल्डर. त्यांना आधी "डीइनिट" करून मग स्विच करायला सांगा, किंवा सरळ नवीन क्लोन घ्यायला, तेच लवकर होतं.